उघड्या छताचं पाणी

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीचं सनरूफ सिलिकॉन मारून कायमचं बंद करून घेतलं. काचेच्या चारी कडांनी जाड काळी रेघ, मधेमधे लावणाऱ्याच्या बोटांचे ठसे, आणि सगळ्या पार्किंगभर सिलिकॉनचा तो आंबट वास. आषाढातली दुपार होती, पावसानं थोडी उघडीप दिली होती. काका समाधानानं म्हणाले, "मिटली काळजी. आता एक थेंब आत येणार नाही." त्यांचा नातू शेजारीच उभा होता. मागच्या सीटवर आडवं पडून पन्हाळ्याच्या रस्त्यावरची झाडं वरच्या काचेतून बघत जायचं, हा त्याचा ठरलेला उद्योग. त्यानं विचारलं, "आजोबा, पावसाळा संपला की काढायचं ना हे?" काका म्हणाले, "नाही रे बाळा, आता हे असंच." पोरगं काही बोललं नाही. मी जिना चढून वर आले, चहा टाकला, तरी ती काळी रेघ डोक्यातून जाईना.

काकांना नावं ठेवायला मात्र मन होत नाही. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली गाडी, तिच्यावर साधा ओरखडा उठला तरी त्यांना रात्री झोप लागत नाही. महिनाभर आधी सगळे गगनबावड्याला गेले होते. बावड्याचा पाऊस काय असतो हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. कोल्हापुरात वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथं ५००० च्या वर. बावड्यापर्यंत सगळं ठीक होतं. भुईबावडा घाट उतरायला लागल्यावर आरशाजवळच्या दिव्याच्या कडेनं एक थेंब काकूंच्या खांद्यावर पडला, मग दुसरा, मग धारच लागली. घरी येईपर्यंत पायाखालचं कार्पेट भिजलं होतं. पुढे कुबट वास सुटला, सकाळी काचा आतून धुरकट दिसायला लागल्या. एका गॅरेजात सांगितलं बीडिंग बदला, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं सिलिकॉन मारून टाका. दोन्ही सल्ल्यांमागे समजूत एकच. काचेभोवतीच्या रबराचं काम पाणी अडवायचं, पाणी आत आलं म्हणजे रबर गेलं.

सनरूफ मुळात पाणी पूर्ण अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं.

हे मला उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीमामांनी दाखवलं. उद्यमनगरात कुठल्याही गल्लीत शिरलं की लेथचा आवाज, तापलेल्या लोखंडाचा आणि कूलंटचा वास, दारात ओतीव कामाचे ढीग, आणि त्यातूनच वाट काढत फिरणारा चहावाला पोऱ्या. कुठलीही वस्तू खोलून बघितल्याशिवाय तिच्याबद्दल मत द्यायचं नाही, ही तिथली जुनी रीत. मामांनी एका गाडीची वरची काच पूर्ण मागे सरकवली, मला पायरीवर उभं केलं आणि भोकाच्या कडेला बोट लावून म्हणाले, "हितं बघा." काचेच्या खाली, चारी बाजूंनी, एक उथळ पन्हळ होती. त्यांनी स्टीलच्या पेल्यातलं पाणी पुढच्या कोपऱ्यात हळूहळू ओतलं. "आता खाली वाका." पुढच्या चाकाच्या मागून पाण्याची बारीक धार रस्त्यावर पडत होती. "पाणी आत येणारच की ओ ताई. काच हलती म्हटल्यावर फट ऱ्हाणारच. त्याला जायला वाट पायजे, बास."

रबर पाण्याचा मोठा लोंढा थोपवतं. जे थोडंफार त्याला चुकवून आत येतं ते पन्हळीत पडतं, तिच्या चार कोपऱ्यांत चार भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला एक नळी. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून खाली उतरतात आणि बहुतेक गाड्यांत पुढच्या दाराच्या बिजागरीपाशी किंवा मडगार्डच्या आत सुटतात. मागच्या दोन मागल्या खांबांतून बंपरच्या बाजूला जातात. नळी करंगळीपेक्षा बारीक. तिच्या खालच्या तोंडाला बऱ्याचदा रबराची टोपी असते आणि त्या टोपीला चीर: पाणी बाहेर पडावं, पण मुंग्या-माशा आणि चाकानं उडवलेला चिखल आत शिरू नये म्हणून. सगळी गोम त्या चिरेत आहे. ती बुजली की नळी भरते, मग पन्हळ भरते, आणि पाणी पन्हळीचा आतला काठ ओलांडून छताच्या कापडावर उतरतं. गाडी चढावर असेल तर पन्हळीतलं पाणी मागे जातं, उतारावर पुढे येतं. काकूंच्या खांद्यावर थेंब नेमका घाट उतरतानाच का पडला, ते मला त्या पेल्याशेजारी उभं राहून कळलं. मागच्या नळ्या चालू होत्या, पुढच्या तुंबल्या होत्या. रबराला काहीच झालेलं नव्हतं.

शुक्रवार पेठेत माझं आजोळ होतं, चौकाचा वाडा. चारी बाजूंची कौलं आत उतरलेली. पाऊस लागला की चारही पागोळ्या एकदम चौकात पडायच्या आणि माजघरात बसून बोललेलं ऐकू यायचं नाही. चौक दगडी, किंचित एका कोपऱ्याकडे कललेला. त्या कोपऱ्यात मोरी, मोरीतून दगडी नळ भिंतीखालून रस्त्याच्या गटारात. रोहिणी संपत आल्या की आजी पदर खोचून त्या मोरीशी बसायची. बांबूची काठी आत घालून शेवग्याची पानं, गोट्या, तुटलेल्या बांगड्या, एकदा तर आजोबांच्या अडकित्त्याचा अर्धा भाग तिनं काढला होता. मग कळशीभर पाणी ओतून मला रस्त्यावर पिटाळायची: "आलं काय गं भायेर?" मी ओरडून आलं म्हणेपर्यंत ती उठत नसे. मृगाआधी हे झालंच पाहिजे, त्यात सबब नाही. चौक तुंबला की पाणी सरळ माजघरात, आणि माजघरात धान्याच्या कणग्या.

स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक काचेचं कौल होतं. त्यातून येणारा उन्हाचा पट्टा धुरात स्पष्ट दिसायचा, सकाळी फडताळावर असायचा, दुपारी पाट्यावर उतरायचा. तो पाट्यावर आला की आजी पानं घ्यायला सांगायची. त्या कौलाच्या कडेनंही पावसाळ्यात थोडं ठिबकायचं. खाली एक पातेलं ठेवलेलं असायचं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसायची.

पुढे माझ्या मामांनी, आईच्या भावानं, चौकावर पत्रा घातला. त्यांच्या बाजूनं बोलायचं तर घरात म्हातारी माणसं, शेवाळावरून घसरायची भीती, शिवाय मोरी काढायला आजी उरली नव्हती. पाणी यायचं थांबलं, हे खरं. पण त्या वर्षापासून माजघरात दिवसाही दिवा लावावा लागला, भिंतींना ओल धरली, आणि भांडी घासायला, केस वाळवायला, वाद घालायला बायका जिथं बसायच्या ती जागा नुसती जायची-यायची वाट झाली. वाडा आता नाही, तिथं इमारत आहे. मामांवर राग धरावा असं काही घडलं नव्हतं. तरी काकांच्या गाडीवरची ती रेघ बघताना मला तो पत्राच दिसत होता.

काच सरकते कशी, हेही मी मिस्त्रीमामांकडून नीट समजून घेतलं, कारण तेवढं माहीत असलं की कुठं काय जपायचं ते आपोआप कळतं. छतात एक लहानशी १२ व्होल्टची मोटर असते. तिच्या दातेरी चाकाला दोन पोलादी केबल भिडलेल्या असतात, आणि त्या केबलींवर तार पीळ देऊन गुंडाळलेली असते म्हणून चाकाचे दात त्यांत बसतात. एकच चाक दोन्ही केबलींना एकाच वेळी ढकलतं किंवा ओढतं, त्यामुळे काचेच्या दोन्ही बाजू बरोबरीनं सरकतात. आधी काचेची मागची कड वर उचलते किंवा खाली दबते, गाडीच्या रचनेप्रमाणे, आणि मग काच रुळांवरून मागे जाते. रुळात वाळू साठली, जुनं ग्रीस वाळून घट्ट झालं, की एक बाजू अडखळते, काच किंचित तिरकी होते आणि कुठला तरी प्लास्टिकचा बारीक तुकडा मोडतो. तो तुकडा क्षुल्लक, पण अनेक गाड्यांत सुटा मिळत नाही. अख्खी चौकट बदलावी लागते आणि तिची किंमत ऐकून माणूस घाबरतो. काच बंद होताना मधे हात आला तर ती उलटी फिरते, तेही याच मोटरीमुळे. मोटर आपल्या फेऱ्या मोजत असते, कुठं अडकली तर तिला कळतं. बॅटरी काढून परत जोडली की काही गाड्यांत हा हिशोब पुसला जातो आणि काच अर्ध्यात थांबायला लागते. लोक तेवढ्यावरून मोटर गेली असं समजतात. खरं तर बंद करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की बहुतेक वेळा काच पुन्हा आपली जागा ओळखते. नेमकी पद्धत गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असते.

आता आपल्या गावाचा प्रश्न. परदेशातल्या सल्ल्यांत पाइनच्या काड्या आणि बर्फ असतो. आपल्याकडे गुलाल आहे. काकांची गाडी चैत्रात ज्योतिबाला गेली होती, आणि चैत्र यात्रेला डोंगरावर गेलेली कुठलीही वस्तू गुलाबी झाल्याशिवाय खाली येत नाही. पोरांनी सनरूफ उघडलं, "चांगभलं"च्या गजरात वरून गुलाल आला, काच बंद केली, गाडी बाहेरून धुतली. पन्हळीत बसलेला गुलाल तिथंच राहिला. मग वळवाच्या पहिल्या सरीत त्याचा चिखल झाला आणि नळीत जाऊन बसला. शिवाय गळिताच्या हंगामात पाचट पेटवलं की काळी राख उडते, गच्चीवर वाळत घातलेल्या धुण्यावर येते तशी काचेच्या फटीतही जाते. शिरोलीकडे कामाला जाणाऱ्यांच्या गाड्यांवर फौंड्रीच्या वाळूची बारीक धूळ. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांसाठी गुलमोहराची पानं, जी इतकी बारीक असतात की सरळ नळीच्या तोंडात बसतात. आपण माणसं पंचगंगेची पातळी इंचाइंचानं विचारतो, ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे पोराटोरांना पाठ असतं, पण डोक्यावरच्या या बोटभर पन्हळीत पाणी कुठवर आलंय ते कुणी बघत नाही.

म्हणून मृगाच्या आधी एकदा आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास एकदा, मी ही पन्हळ साफ करते. काच पूर्ण उघडायची. मऊ ब्रशनं कोपऱ्यातला कचरा बाहेर ओढायचा, नळीकडे ढकलायचा नाही. मग ओल्या सुती फडक्यानं पन्हळ पुसायची. गुलाल असेल तर फडकं चार वेळा पिळावं लागतं आणि हात दिवसभर गुलाबी राहतात. त्यानंतर पेलाभर पाणी, एकेका कोपऱ्यात, सावकाश, आणि चाकापाशी जाऊन बघायचं. पाणी लगेच आणि मोकळं आलं तर ती नळी ठीक. उशिरा, थेंबथेंब आलं तर अडथळा आहे. अशा वेळी गवत कापायच्या यंत्रात वापरतात ती नायलॉनची जाड दोरी घ्यायची, तिचं टोक काडीनं जरा तापवून गोल करायचं, आणि हलक्या हातानं नळीत सोडायची. सायकलच्या ब्रेकची तार किंवा लोखंडी सळई घालायची नाही, नळी फाटते. हवेच्या प्रेशरनं उडवायला जाणारे तर फार मोठं नुकसान करतात. वरच्या तोंडापाशी नळी नुसती दाबून बसवलेली असते, जोराच्या हवेनं ती निसटते, आणि मग पन्हळीत आलेलं सगळं पाणी थेट छताच्या कापडावर. निसटलेली नळी परत बसवायला अख्खं छताचं कापड उतरवावं लागतं. खांबांवरची प्लास्टिकची आवरणंही घरी उचकटू नयेत, कारण ज्या गाड्यांना पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आहेत त्यांच्यात त्या छताच्या कडेला, याच आवरणांच्या आधारानं घडी घालून ठेवलेल्या असतात. एवढं काम जाणत्या माणसाचं.

रबराला आणि रुळांना वेगळा न्याय लावावा लागतो. रबर साध्या पाण्यानं, फार तर थोड्या सौम्य साबणानं पुसून वाळवायचं आणि त्यावर सिलिकॉनचा हलका हात फिरवायचा, म्हणजे उन्हानं ते कडक होत नाही आणि काचेला चिकटत नाही. हे पातळ सिलिकॉन निराळं, भोकं बुजवायचं निराळं. घरातलं तेल, डिझेल, हाताला लागेल ते ग्रीस रबराला लावू नये, ते फुगतं आणि बसकं होतं. रुळातलं जुनं ग्रीस आधी पूर्ण पुसून काढायचं, मग कंपनीनं सांगितलेलं ग्रीस अगदी थोडं. जास्त ग्रीस म्हणजे जास्त धूळ. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा काचेच्या कडेवर सरळ धरू देऊ नये, हे मी गाडीपाशी उभं राहून सांगते आणि तिथल्या पोरांना ते आवडत नाही. आणि पाऊस थांबल्या थांबल्या काच मागे सरकवू नये. आधी नुसती मागून उचलून ठेवायची, वरचं पाणी निथळू द्यायचं.

एवढं सगळं करायचं कशासाठी, असं काकूंनी मला एकदा विचारलं होतं. प्रश्न चुकीचा नाही. एप्रिलच्या उन्हात त्या काचेचा त्रासच होतो, आतला पडदा ओढल्याशिवाय बसवत नाही. शहरात सिग्नलला काच उघडी ठेवली की धूळ. वरातीत पोरांना त्या भोकातून उभं करणाऱ्या माणसांचा तर मला मनापासून संताप येतो. एक जोराचा ब्रेक लागला तर काय होईल, हे त्यांना दिसत कसं नाही? पण उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर काच फक्त मागून उचला आणि गाडी चालती करा. डोक्यावरची गरम हवा आपोआप बाहेर ओढली जाते, एसीचं निम्मं काम होऊन जातं. आणि श्रावणात, उन्हापावसाच्या खेळात, राधानगरीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांत मिसळतात तेव्हा काचेवर पडणारे थेंब खालून बघणं, याची किंमत मला लावता येत नाही. ज्या गावात माणसं किरणोत्सवाला देवळात दाटीवाटीनं उभी राहून मावळतीचं ऊन देवीच्या पायांवरून वर चढताना बघतात, त्या गावाला उजेडाचं कौतुक मी काय सांगावं.

मिस्त्रीमामांचं म्हणणं ऐकल्यावर मी खिद्रापूरला गेले होते, कोपेश्वराला. ठरवून नव्हे, शिरोळला काम होतं. बाराव्या शतकातल्या त्या देवळाच्या स्वर्गमंडपाला मधे छप्परच नाही. मंडपाला ४८ खांब आणि वर गोल आभाळ. त्या वर्तुळाच्या बरोबर खाली दगडाची गोल फरशी. त्या दिवशी बारीक पाऊस होता, तो सरळ त्या फरशीवर पडत होता, आणि भोवतीच्या खांबांपाशी आम्ही सगळे कोरडे उभे होतो. ज्यांना हत्तींच्या नखांपर्यंतचं कोरीव काम जमलं, त्यांना तेवढं भोक झाकणं अवघड नव्हतं. ते उघडं ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि उघडं ठेवायचं ठरवलं म्हणजे पाऊस आत येणार हे धरूनच बाकी सगळं रचलं असणार. शेजारी एक आजोबा मान वर करून बराच वेळ उभे होते. चष्म्यावर पाणी पडत होतं, तरी ते हलले नाहीत.

काकांना मी हे सगळं सांगितलं. पेला घेऊन खाली या, एकदा बघू म्हटलं. ते ऐकून घेतात, मान हलवतात. "बघू दिवाळीनंतर," एवढंच म्हणतात. प्लास्टिकच्या पट्टीनं ते सिलिकॉन निघतं, रंगाला धक्का लागत नाही, मिस्त्रीमामा स्वतः काढून द्यायला तयार आहेत. पण एकदा भिजलेल्या माणसाची भीती माझ्या बोलण्यानं जाणार नाही, हे मला दिसतं. त्यांच्या जागी मी असते तर इतक्या सहज तयार झाले असते का, सांगता येत नाही.

आता धाकटा भाऊ इचलकरंजीत नवी गाडी घ्यायच्या बेतात आहे. पूर्वी मोठ्या महागड्या गाड्यांपुरती असलेली ही काच आता लहान गाड्यांतही मिळते, आणि तिच्यासाठी मोजावे लागणारे जादा पैसे द्यावेत की नाही, म्हणून त्यानं मला फोन केला. गाडी वर्षभर उघड्यावर, झाडाखाली उभी राहणार असेल आणि वर्षातून दोनदा अर्धा तास द्यायची तयारी नसेल तर घेऊ नकोस, त्या पैशात चांगले टायर आणि सीट कव्हर येतील, असं मी त्याला सरळ सांगितलं. वहिनीला मात्र हवंच आहे, आणि तिची बाजू मला पटते. तेव्हा शेवटी ठरलं ते असं की दोघांनी शनिवारी शोरूमला जायचं, बटण दाबून काच मागेपुढे करून दाखवणाऱ्या माणसाला थोडं थांबवायचं, आणि वरून पडलेलं पाणी चारही बाजूंनी नेमकं कुठून बाहेर पडतं ते गाडीखाली वाकून दाखवायला सांगायचं. पाण्याची बाटली घरून न्या, म्हटलं.